पुस्तक उतरलं, पण वाचत नाही: अंध वाचकांच्या ऑडिओ ग्रंथालयातले नेहमीचे बिघाड

लक्षणं

मला येणारे फोन बहुतेक वेळा यांतल्या एखाद्या वाक्याने सुरू होतात:

• टॉकबॅक (अँड्रॉइड फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय) बोलतो, पुस्तक मात्र मुकं.
• पुस्तक उघडतं, वाक्यं पुढे सरकतात, पण आवाज नाही. मध्येच एखादा इंग्रजी शब्द किंवा आकडा ऐकू येतो.
• घरी छान वाचतं, गावाला गेलं की गप्प.
• रोज ठरावीक वेळाने आपोआप बंद पडतं. किंवा फोन खिशात ठेवला की थांबतं.
• पहिल्या प्रकरणानंतर एकदम दहावं सुरू होतं.
• काल कुठवर ऐकलं ते सापडत नाही, रोज पहिल्यापासून सुरुवात.
• मराठीच्या जागी काहीतरी अगम्य अक्षरं वाचतं.
• पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणतं.
• आहे म्हणून सांगितलेलं पुस्तक शोधल्यावर मिळत नाही.
• डेझी प्लेयर (बोलकी पुस्तकं वाजवणारं, अंधांसाठीचं यंत्र) मेमरी कार्डच ओळखत नाही.

मी स्वतः दृष्टिहीन आहे, फोंड्याला राहते. सुगम्य पुस्तकालय, बुकशेअर यांसारख्या ऑनलाइन ग्रंथालयांतून पुस्तकं घेऊन ऐकणारे गोव्यातले बरेच मराठी वाचक अडले की मला फोन करतात. बिघाड फिरून फिरून तेच असतात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे: आधी ज्याला ना पैसा लागतो ना कुणाची मदत, मग थोडं किचकट, आणि शेवटी जिथे आपण हात काढून घ्यायचा ते. खुणा हाताला आणि कानाला कळतील अशाच दिल्या आहेत. ‘वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा’ या सूचनेचा आपल्याला उपयोग नसतो. टॉकबॅक त्याला ‘मोअर ऑप्शन्स’ म्हणतो, तेच शोधावं लागतं.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती. वरच्यापैकी काहीही झालं की घरातलं कुणीतरी डोळस माणूस फोन हातात घेतं आणि ॲप काढून परत टाकतं. तसं करू देऊ नका. बहुतेक ॲपमध्ये त्याबरोबर उतरवलेली पुस्तकं जातात, खुणा जातात, कुठवर वाचलं त्याची नोंद जाते, निवडलेला आवाज आणि वेग जातो. डोळस माणसाला तो पाच मिनिटांचा उपाय वाटतो. ज्याने सातशे पानांच्या कादंबरीत ठिकठिकाणी खुणा घालून ठेवल्यात, त्याचं केवढं नुकसान झालं हे त्याला कळतही नाही. ती पायरी या लेखात आहे, पण अगदी शेवटी.

आधी अडतं कुठे ते ओळखा

पुस्तक ग्रंथालयातून कानापर्यंत चार टप्प्यांनी पोचतं: खातं उघडतं, पुस्तक फोनवर उतरतं, ॲप किंवा प्लेयर ते उघडतो, मग आवाज येतो. अडचण आली की आधी स्वतःला विचारा, शेवटचा नीट पार पडलेला टप्पा कोणता? पुस्तकाचं नाव ऐकू येतंय, प्रकरणांची यादी ऐकू येतेय, म्हणजे पहिले तीन टप्पे झाले. मग पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही. उलट, यादीच येत नसेल तर आवाज वाढवून काही व्हायचं नाही. एवढं ठरवलं की अर्धा वेळ वाचतो, आणि कुणाला फोन करायची वेळ आलीच तर समोरच्यालाही नेमकं सांगता येतं.

तपासणी १: आवाज जातोय कुठे?

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅकचा आवाज वेगळा आणि पुस्तकाचा, म्हणजे मीडियाचा, आवाज वेगळा. टॉकबॅक बोलत असताना आवाजाचं बटण दाबलं तर टॉकबॅकचा आवाज कमीजास्त होतो. त्यामुळे टॉकबॅक ठणठणीत आणि मीडिया शून्यावर, असं सहज होतं. उपाय सोपा: पुस्तक सुरू करा, टॉकबॅक बोलायचा थांबेपर्यंत वाट पाहा, आणि मग आवाज वाढवा.

तरी मुकं? मग ब्लूटूथ बंद करून पाहा. पुस्तक तुमच्या फोनवर सुरू असतं आणि आवाज मुलाच्या गाडीत, नाहीतर हॉलमध्ये चतुर्थीच्या आरत्यांसाठी आणलेल्या स्पीकरवर जात असतो. स्पीकर चालू असला तरी कुणी लक्ष देत नाही, कारण त्या खोलीत कुणी नसतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता फोन उचलल्यावर माझा पहिला प्रश्न ब्लूटूथचाच असतो.

तिसरी शक्यता आपल्या पावसाळ्याची. इयरफोनच्या भोकात दमटपणा किंवा कचरा साचला की फोनला वाटतं इयरफोन लावलेला आहे, आणि तो आवाज स्पीकरकडे पाठवतच नाही. इयरफोन चार-पाच वेळा लावून काढा. आवाज आला आणि परत गेला तर कारण हेच. फोन पंख्याखाली कोरडा होऊ द्या. सुई, टाचणी, उदबत्तीची काडी आत घालू नका. आतल्या पात्या वाकल्या की दोनशे रुपयांत भागणारं काम दोन हजारांवर जातं.

आता ‘ठरावीक वेळाने बंद पडतं’ याबद्दल. वेळ अगदी नेमकी असेल, रोज पंधरा मिनिटं, रोज तीस मिनिटं, तर तो बिघाड नसून ॲपमधला स्लीप टायमर आहे. रात्री ऐकता ऐकता झोप लागली तर पुस्तक थांबावं म्हणून ही सोय असते, आणि स्क्रीनवर चाचपडताना ती चुकून सुरू होते. वेळ कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस अशी बदलती असेल तर कारण वेगळं, ते पुढे येईल.

तपासणी २: पुस्तक माणसाने वाचलंय की यंत्राने वाचायचंय?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपण सगळ्यालाच ‘ऑडिओ पुस्तक’ म्हणतो, पण ग्रंथालयात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका यादीत असतात. एक, माणसाने स्टुडिओत बसून वाचलेलं पुस्तक. त्यात ध्वनीच्या फाइल असतात. दुसरं, नुसता मजकूर असलेलं डेझी किंवा ईपब (ही डिजिटल पुस्तकांच्या फाइलची स्वरूपं). त्यात आवाज नसतोच. तो मजकूर तुमच्या फोनमधलं वाचनयंत्र, म्हणजे टीटीएस, त्या क्षणी बोलून दाखवतं. पहिल्या प्रकाराला फोनमध्ये मराठी आवाज लागत नाही. दुसऱ्याला लागतोच.

डिचोली तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला होता. म्हणाले, “ताई, पुस्तक मुकं झालंय गो. पानभर काही नाही, आणि मध्येच इंग्रजीत ‘बी. ए., बी. टी.’ म्हणतं नि परत गप्प बसतं.” मी म्हटलं, “मास्तर, लेखकाच्या नावापुढे पदवी छापलेली असेल.” तर खरंच, ते लेखकाच्या परिचयाचं पान होतं. त्यांच्या फोनला इंग्रजी आवाज लावलेला. त्या आवाजाला देवनागरी येत नाही, म्हणून तो सगळा मराठी मजकूर सोडून देत होता, आणि रोमन लिपीतली अक्षरं दिसली की तेवढीच वाचत होता. नातवाने त्याआधी दोनदा ॲप काढून परत टाकलं होतं. त्याने काही होणारच नव्हतं.

तेव्हा मधूनच इंग्रजी शब्द किंवा आकडे ऐकू आले तर समजा, पुस्तक शाबूत आहे, आवाज बदलायचा आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टेक्स्ट-टू-स्पीच. भाषा मराठी निवडा आणि ‘व्हॉइस डेटा’ उतरवून घ्या. हा डेटा उतरवणं बरेच जण विसरतात. मराठी आवाज नुसता निवडलेला असेल आणि त्याचा डेटा फोनवर नसेल, तर काही आवाज इंटरनेटवरून चालतात. म्हणजे पुस्तक फोनवर उतरलेलं, ॲप चालू, तरी नेट गेलं की वाचन बंद. ‘फोंड्यात वाचतं, वाळपईच्या पुढे गेलं की मुकं’ ही तक्रार याच जातीची. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत रेंज जाते-येते, तिकडच्या वाचकांनी हे एकदा करून ठेवावंच. डेटा घरच्या वायफायवर उतरवा आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून पुस्तक वाचून पाहा. वाचलं तर काम झालं.

आणखी एक: काही वाचन-ॲप स्वतःचा आवाज वेगळा ठरवतात. फोनचा आवाज मराठी आणि ॲपमध्ये अजून इंग्रजी, असं होऊ शकतं. डॉल्फिन कंपनीच्या ईझीरीडरमध्ये आवाज ॲपच्या आतच निवडावा लागतो. फोनचं सेटिंग बदलूनही फरक पडला नाही तर ॲपमधलं पाहा.

कोकणी पुस्तकं ऐकणाऱ्यांसाठी: देवनागरीतली कोकणी मराठी आवाजावर लावली तर उच्चार थोडे वेगळे येतात, पण अर्थ नीट लागतो. मी तशीच ऐकते.

अगम्य अक्षरांबद्दल मात्र सांगते ते मनाला लावून घेऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकीय अक्षरपद्धत, येण्याआधी मराठी पुस्तकं ज्या फाँटमध्ये टाइप व्हायची, त्यांत पडद्यावर देवनागरी दिसायची पण फाइलमध्ये साठायची ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. तशा फाइलचा मजकूर युनिकोडमध्ये न बदलता पुस्तक चढवलं गेलं असेल, तर टीटीएस ‘ए, के, स्वल्पविराम, कंस’ असलंच वाचणार. फोनमध्ये कितीही आवाज बदलले तरी हे सुधारत नाही. ग्रंथालयाला कळवायचं आणि त्या पुस्तकाची दुसरी प्रत आहे का ते विचारायचं.

तपासणी ३: फोन पुस्तकाला मध्येच झोपवतो का?

बदलत्या वेळाने बंद पडणं, खिशात टाकलं की थांबणं, उतरवणं अर्ध्यावर राहणं, या तिन्हींमागे बहुधा बॅटरी वाचवण्याचं सेटिंग असतं. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चाललेली ॲप बंद करत जातो. डोळस माणूस पडद्याकडे बघत फोन वापरतो, त्याला हे फारसं जाणवत नाही. आपण स्क्रीन बंद करून तासन्‌तास ऐकतो, म्हणून आपल्यालाच जास्त भोवतं. सेटिंग्ज, ॲप्स, तुमचं वाचन-ॲप, बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’. काही फोनमध्ये याशिवाय ‘ऑटो स्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा.

तिथेच परवानग्या पाहून घ्या. अँड्रॉइड ११ पासून फोन बरेच महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. आजारपणामुळे वाचन थांबलं होतं, आता परत सुरू केलं तर पुस्तकंच दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर ही जागा आधी बघा.

जागेचा हिशेबही करा. माणसाच्या आवाजातलं पुस्तक ६४ केबीपीएसला ध्वनिमुद्रित असेल तर तासाला साधारण २९ एमबी लागतात. दहा तासांचं पुस्तक जवळपास ३०० एमबी. ते झिप होऊन येतं आणि फोनवर उलगडतं, तेव्हा थोडा वेळ झिप आणि उलगडलेलं पुस्तक दोन्ही एकदम असतात, म्हणजे ६०० एमबी मोकळे हवेत. मजकुराचं पुस्तक चित्रं नसतील तर सहसा दोन-चार एमबीत मावतं. फोन भरलेला असला की उतरवणं नव्वद टक्क्यांवर अडकतं आणि ॲप कारणही सांगत नाही. व्हॉट्सॲपवरचे सुप्रभाताचे व्हिडिओ काढले की बऱ्याच जणांचं काम होतं.

तपासणी ४: खातं उघडत नाही

पासवर्ड बदलण्याआधी कळफलक बघा. मराठी कळफलक चालू राहिला असेल तर आकडे देवनागरीत जातात. टॉकबॅक तेही ‘पाच’, ‘सात’ असंच वाचतो, पण ग्रंथालयाच्या संगणकाला ५ आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरं आहेत. दुसरं, पहिलं अक्षर आपोआप मोठं होणं. तिसरं, सुचवलेला शब्द निवडल्यावर शेवटी येणारी मोकळी जागा. ती ऐकू येत नाही आणि ईमेल चुकतो. इंग्रजी कळफलक लावा, एकेक अक्षर टाका, आणि टाकून झाल्यावर अक्षरागणिक वाचून ऐका. पासवर्डच्या जागी टॉकबॅक नुसतं ‘बुलेट’ म्हणत असेल तर इयरफोन लावून पासवर्ड उच्चारायचं सेटिंग तेवढ्यापुरतं चालू करा.

फोनची तारीखही ऐकून घ्या. बॅटरी पूर्ण संपून फोन बंद पडला आणि तारीख मागे गेली, तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि खातं उघडत नाही. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

खातं उघडतंय, पुस्तक शोधता येतंय, पण उतरवू देत नाही असं असेल, तर प्रश्न सदस्यत्वाचा आहे. ही ग्रंथालयं सगळ्यांना खुली नसतात, आणि त्याला कारण आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकं वाचनसुलभ स्वरूपात करण्याची मुभा आली. २०१३ साली अशी पुस्तकं देशोदेशीच्या अंध वाचकांना मिळावीत म्हणून माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. सुगम्य पुस्तकालय २०१६ मध्ये सुरू झालं. ही मुभा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांपुरती असल्यामुळे ग्रंथालयाला सदस्याचा पुरावा ठेवावा लागतो. अपंगत्व प्रमाणपत्र तात्पुरतं असेल आणि त्याची मुदत संपली असेल, किंवा ज्या संस्थेमार्फत नोंदणी केली तिने अजून मान्यता दिली नसेल, तर इथे गाडी अडते. हे फोनवर खटपट करून सुटत नाही. संस्थेला फोन करा. प्रमाणपत्र नवं करायचं असेल तर स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते.

आणि याच कारणासाठी, ग्रंथालयातून घेतलेलं पुस्तक शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवू नका. ज्यांना छापील वाचता येतं त्यांच्यासाठी ही मुभा नाही, आणि त्यावर घाला आला तर नुकसान आपलंच.

उतरवण्याबद्दल एक छोटी गोष्ट: काही ग्रंथालयांत ‘डाउनलोड’ दाबलं की पुस्तक लगेच येत नाही, आधी विनंती नोंदली जाते. ते तयार झालं की खात्यातल्या डाउनलोडच्या यादीत दिसतं. दहा वेळा बटण दाबून दहा विनंत्या करू नका, थोड्या वेळाने यादी उघडा.

तपासणी ५: पुस्तक सापडत नाही

मराठीत शोधताना पुस्तकाचं पूर्ण नाव टाकू नका. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षर यांत एक फरक पडला तरी शोध रिकामा परततो. ‘ॲ’ हे एक अक्षर संगणकात दोन प्रकारे टाइप होतं, ऐकायला आणि दिसायला सारखंच, पण आतून वेगळं. म्हणून नावातला असा एकच शब्द निवडा ज्यात जोडाक्षर नाही. किंवा लेखकाचं नुसतं आडनाव. मग तेच इंग्रजी अक्षरांत टाकून पाहा; कितीतरी मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत झालेली असते. आपल्याकडचे बरेच लेखक मराठी आणि कोकणी दोन्हींत लिहितात, त्यामुळे भाषेची चाळणी लावलेली असेल तर ती काढून शोधा. बुकशेअरवर काही पुस्तकं ठरावीक देशांतल्या सदस्यांनाच मिळतात. तिथे नाव येऊनही पुस्तक उतरत नसेल तर कारण हे असू शकतं.

तपासणी ६: प्रकरणांचा क्रम बिघडतो, जागा हरवते

हे झालं म्हणजे पुस्तक डेझी प्लेयरऐवजी गाण्यांच्या प्लेयरमध्ये वाजतंय. डेझी पुस्तक म्हणजे ध्वनीच्या फाइल आणि त्यांचा क्रम सांगणाऱ्या फाइल, असं एकत्र फोल्डर. जुन्या प्रकारात त्यात एनसीसी नावाची एचटीएमएल फाइल असते, नव्यात ओपीएफ आणि एनसीएक्स. प्रकरण, उपप्रकरण, पान या उड्या त्यांच्यामुळेच मारता येतात. गाण्यांच्या प्लेयरला हे काही कळत नाही. तो नावांप्रमाणे रांग लावतो, आणि त्या रांगेत १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ फार पुढे. काल कुठे थांबलो हेही तो लक्षात ठेवत नाही.

झिप फाइल वाचन-ॲपमधूनच उघडा. ॲपला झिप चालत नसेल तर आधी फाइल्स ॲपमध्ये अनझिप करा आणि सगळं फोल्डर एकत्र ठेवा. आतल्या फाइलची नावं बदलू नका, एखादी ‘निरुपयोगी’ वाटली म्हणून काढू नका. कुणी व्हॉट्सॲपवर सुट्या एमपी३ पाठवल्या असतील तर त्यांतून डेझी पुस्तक परत जुळत नाही. ग्रंथालयातून नव्याने घ्या.

व्हिक्टर रीडर हा डेझी प्लेयर वापरणाऱ्यांची एक तक्रार याला जोडून येते: ‘पुढे जायचं बटण दाबलं की फारच पुढे जातं.’ त्यात ४ आणि ६ ने मागेपुढे जाता येतं, पण किती मोठी उडी ते २ आणि ८ ने ठरतं. पातळी प्रकरणावर असेल तर उडी प्रकरणाचीच पडणार. २ किंवा ८ दाबत ‘पान’ किंवा ‘वाक्यांश’ ऐकू येईपर्यंत जा.

तपासणी ७: कार्ड

इथून पुढे थोडा खर्च आहे. डेझी प्लेयर कार्ड ओळखत नसेल तर प्लेयर बंद करून कार्ड काढा, सुती कोरड्या कापडाने सोनेरी पट्ट्या हलकेच पुसा, परत बसवा. बोटाला पट्ट्या किंचित खोलगट आणि गुळगुळीत लागतात. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे हवाच अशी असते की पट्ट्यांवर थर बसतो. पुसल्यावर चाललं तर कार्ड आणि प्लेयर डबीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवत जा.

कार्ड नवं असेल तर त्याची क्षमता विचारा. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने आखलेली येतात, आणि कितीतरी जुने प्लेयर फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचतात. ३२ जीबीचं कार्ड घ्या, त्यात पुस्तकं भरपूर मावतात. पुस्तकं योग्य फोल्डरमध्येही हवीत: व्हिक्टर रीडर स्ट्रीममध्ये डेझी पुस्तकांची जागा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ‘व्हीआरडीटीबी’ या फोल्डरमध्ये असते. बाहेर टाकलेली पुस्तकं तो दाखवत नाही.

पहिली काही पुस्तकं नीट आणि नंतर टाकलेली सगळी फाटल्यासारखी वाजतात, असं असेल तर कार्ड बनावट आहे. वर ६४ लिहिलेलं आणि आत आठ-दहा जीबीच, अशी कार्डं बाजारात असतात. ती दुरुस्त होत नाहीत. बिल असलेलं कार्ड घ्या. आणि संगणकावरून कार्ड काढताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढू नका. चांगलं कार्डही त्याने बिघडतं.

तपासणी ८: ॲप काढून परत टाकणं

आता ही पायरी. आधी ॲपचं नवं व्हर्जन आलंय का पाहा, फोन बंद करून चालू करा, आणि ॲपची फक्त ‘कॅश’ साफ करा. त्याच्या शेजारीच ‘क्लिअर डेटा’ असतं, त्यावर दोनदा टॅप करण्याआधी नाव नीट ऐका, कारण ते दाबणं म्हणजे ॲप नव्याने टाकण्यासारखंच आहे. काढायचंच ठरलं तर पासवर्ड हाताशी आहे ना पाहा, आणि चालू पुस्तकाचं प्रकरण, पान आणि खुणांची ठिकाणं आवाजी नोंद करून ठेवा.

कुठे थांबायचं

फोनची पाठ फुगलेली हाताला लागली, चार्ज करताना फोन चटका बसेल इतका तापला, किंवा पाण्यात पडला, तर ऐकणं, चार्जिंग सगळं थांबवा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा. बॅटरी फुगलेला फोन उशीखाली ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. दुकानदाराला सुरुवातीलाच सांगा की फोन टॉकबॅकवर चालतो, तो बंद करू नका आणि फॅक्टरी रीसेट न विचारता करू नका.

एकच पुस्तक बिघडलेलं असेल आणि बाकी सगळी नीट वाचत असतील, तर फोनला हात लावू नका. दोष पुस्तकाच्या फाइलमध्ये आहे. ग्रंथालयाला पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकार आणि कोणत्या प्रकरणात कितव्या मिनिटाला काय होतं ते लिहून कळवा. ‘पुस्तक चालत नाही’ एवढंच लिहिलं तर तिकडच्या माणसाला काही करता येत नाही.

आवाज वाढवूनही शब्द कळत नाहीत, बायकांचा आवाज पुसट वाटतो, ‘स’ आणि ‘श’ यांत घोळ होतो, आणि हे प्रत्येक पुस्तकात, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, आणि आपल्यासारख्यांना ते सगळ्यात आधी पुस्तकातच जाणवतं. कितीतरी ज्येष्ठ वाचक महिनोन्‌महिने ॲप बदलत राहतात. तपासणी लवकर झालेली बरी.

आणि मदत शोधताना सांभाळा. गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या नंबरवर फोन करू नका, नंबर ग्रंथालयाच्या ॲपमधून किंवा तुमच्या संस्थेकडून घ्या. कुणी फोनवर स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. पुस्तक उतरवायला बँकेचा ओटीपी कधीही लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि बँकेला कळवा.